दर वर्षी दोनने वाढणारं वय

लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण शेवटचा अहवाल जाईपर्यंत एक ओळही लिहायची नाही असं ठरवून टाकलं होतं. अंधश्रद्धा म्हणा हवं तर. भारतातून मूल दत्तक घेऊन परदेशात आणलं की पुढे दोन वर्षं त्याच्या तब्येतीचे, शाळेचे, घरात रुळण्याचे अहवाल पाठवावे लागतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे एकूण सहा. आमचा सहावा २०२५ च्या मार्चमध्ये गेला. आता बोलायला हरकत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी २०१६ मध्ये अमेरिकन नागरिक झाले, सुहासचा पासपोर्ट अजून भारताचा आहे. ही माहिती खासगी वाटेल, पण या सगळ्या प्रकरणात कोणाचा पासपोर्ट कुठला यावर बरंच काही अवलंबून असतं, म्हणून आधीच सांगते. नवराबायकोत एक भारतीय आणि एक परदेशी असेल तर प्रतीक्षायादीत त्यांना भारतात राहणाऱ्या जोडप्यांच्या बरोबरीने धरतात. उलट अमेरिकेच्या बाजूने अर्ज करायला दोघांपैकी एकजण तरी अमेरिकन नागरिक लागतो. दोघंही ग्रीन कार्डवर असाल तर हा रस्ता नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला हे सहा महिने कागद गोळा केल्यावर कळलं.

एजन्सीला पहिला फोन केला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. त्याआधीची चार वर्षं उपचारांत गेली होती. त्याबद्दल इथे लिहीत नाही, मला ते अजून नीट लिहिता येत नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "उपचार पूर्ण थांबवलेत का?" मी हो म्हटलं आणि मग फोन सुहासकडे दिला.

भारतासाठी काम करायची परवानगी असलेल्या एजन्सीज मोजक्याच आहेत. त्यांची यादी 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत नाव नसेल तर पुढे बोलूच नका.

सांगलीकडच्या काकूंना हे सगळं फारच लांबलचक वाटलं. त्यांनी सोपा उपाय सुचवला: लांबच्या नात्यातल्या एकाला तिसरी मुलगी झाली आहे, वकिलाकडून दत्तकपत्र करून घ्या आणि घेऊन जा. पूर्वी असं होत असे, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली अजूनही होतं. पण भारत आणि अमेरिका दोन्ही देश परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आहेत, भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून. नुसत्या दत्तकपत्रावर मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. नात्यातलं मूल असलं तरी कराराच्या वाटेनेच जावं लागतं, आणि तेही आधी. एकदा दत्तकपत्र करून मोकळे झालात की मागाहून निस्तरणं फार अवघड. काकूंना हे सांगायला मला दोन फोन लागले. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, "म्हणजे सरकारला विचारून आई व्हायचं."

हो काकू, तसंच.

जानेवारी २०१८ मध्ये होम स्टडी सुरू झाली. नावावरून आम्ही समजलो की घर बघणार. मी आदल्या दिवशी फ्रिजच्या मागचं पुसून काढलं. सोशल वर्कर बाई आल्या, त्यांनी धुराचा अलार्म, औषधांचं कपाट आणि गॅलरीच्या दाराची कडी पाहिली. दहा मिनिटांत घर संपलं. मी पोहे केले होते, तर त्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली. ताटली आत नेली आणि पुढचे अडीच तास आमचीच तपासणी. लग्न कसं जमलं, पैशांवरून भांडता का, राग आल्यावर काय करता. "लहानपणी मार खाल्ला होता का?" असं सुहासला विचारलं, तर तो म्हणाला, "वडिलांचा की मास्तरांचा?" त्यावर बाई बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. त्या रात्री आम्हाला झोप नाही. पुढच्या भेटीत त्यांनीच सांगितलं की खरं उत्तर दिलंत ते बरं झालं, 'आमच्या घरी सगळं छान होतं' म्हणणाऱ्यांची त्यांना जास्त काळजी वाटते.

अशा चार भेटी झाल्या. शिवाय दहा तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. आम्ही ते जरा वरवरच घेतलं. मूल आपल्यासारखंच दिसणार, आपलीच भाषा बोलणार, मग संस्थेत वाढलेलं मूल खाणं का लपवतं, अनोळखी माणसाच्या कडेवर सहज का जातं, हे आपल्याला कशाला, असं वाटलं होतं. ते सगळं नंतर उपयोगी पडलं.

कागदांमध्ये सर्वांत जास्त दमवलं ते सुहासच्या जन्मदाखल्याने. १९७८ चा दाखला, त्यावर तारीख होती, आईवडिलांची नावं होती, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आपल्याकडे त्या काळातले असे दाखले ढिगाने सापडतील. सासऱ्यांनी नगरपालिकेत पाच खेपा घातल्या, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, तेव्हा चाळिशीला आलेल्या मुलाचं नाव त्या रकान्यात आलं. दत्तकाचा नुसता विचार जरी चालू असेल तरी आज संध्याकाळी आपला जन्मदाखला काढून त्यावर नाव आहे का ते बघा. दुसरी वेळखाऊ गोष्ट म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक ठिकाणचा हिशेब. पुणे, बंगळुरू, मग अमेरिकेतली तीन राज्यं. भारतातल्या वर्षांसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र, इथल्या राज्यांकडून मुलांच्या छळाच्या नोंदी नसल्याची पत्रं. मग सगळ्यावर नोटरी, आणि राज्याची राजधानी ट्रेंटनहून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालेल असा खरेपणाचा शिक्का.

मार्चअखेर आय-८००ए हा अमेरिकेचा फॉर्म गेला. 'ही माणसं परदेशातून मूल आणायला योग्य आहेत' असं सरकारने म्हणावं यासाठीचा हा अर्ज. तेव्हा फी ७७५ डॉलर होती, आणि बोटांच्या ठशांचे माणशी ८५. जूनमध्ये मंजुरी आली. ऑगस्ट २०१८ मध्ये काराच्या पोर्टलवर आमची नोंदणी झाली. पसंती: मुलगा किंवा मुलगी, दोन वर्षांपर्यंत, राज्य कुठलंही. एजन्सीने अंदाज दिला, दीड ते दोन वर्षं.

लागली साडेतीन. तीही फक्त मुलाचा पहिला कागद हातात यायला.

या साडेतीन वर्षांत काय करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे कागद नासतात. अमेरिकेची मंजुरी पंधरा महिने टिकते. बोटांचे ठसेही पंधरा महिने. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत वाढीचा अर्ज करायचा, त्याला नवी होम स्टडी किंवा तिची सुधारणा जोडायची, आणि ती सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. पहिली मुदतवाढ आम्हाला फुकट मिळाली, दुसऱ्यापासून ३८५ डॉलर पडले. भारताच्या बाजूने होम स्टडी तीन वर्षं चालते, म्हणजे दोन कॅलेंडरं, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने चालणारी. मी फ्रिजवर एक कागद लावला होता. त्यावर दूधवाल्याच्या हिशेबासारख्या तारखा: सप्टेंबर २०१९, डिसेंबर २०२०, मार्च २०२२. प्रत्येक तारखेच्या चार महिने आधी सोशल वर्करबाईंना ईमेल. दर वेळी तब्येतीचे दाखले नवे, पगाराची पत्रं नवी, बाई पुन्हा घरी. पोहे मी पुन्हा केले नाहीत, उपमा केला.

दुसरं म्हणजे घर गोठतं. पत्ता बदलला, नोकरी बदलली की होम स्टडी दुरुस्त करावी लागते. आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात होतो, मोठं घर घ्यायचं चाललं होतं, ते बाजूला ठेवलं. सुहासला बॉस्टनची चांगली नोकरी आली ती सोडली. राज्य बदललं असतं तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. घरात अठरा वर्षांवरचं कोणीही राहत असेल तर त्याचेही ठसे, त्याचीही मुलाखत. २०१९ मध्ये माझा भाचा एमएससाठी इथल्या रटगर्स विद्यापीठात आला, पहिले सहा महिने मावशीकडे राहीन म्हणाला. मी त्याला नाही म्हटलं. माझ्या बहिणीने दोन महिने नीट बोलणं टाकलं होतं. तिला वाटलं, अजून न आलेल्या मुलासाठी मी आलेल्या मुलाला दार लावलं. तिचंही चूक नव्हतं.

आणि तिसरं, ती खोली. सुरुवातीला आम्ही तिला 'बाळाची खोली' म्हणायचो. मग 'ती खोली'. लॉकडाऊनमध्ये सुहासचं ऑफिस तिथे गेलं, तेव्हापासून नुसतं 'आत'.

नोंदणी झाली त्या महिन्यात सासूबाईंनी जुन्या सुती साडीचं दुपटं शिवून पाठवलं होतं. वीतभर अंतराने हातटाके, कडेला निळी किनार. ते मी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. २०२० च्या सुरुवातीला दिराला मुलगा झाला, आणि सासूबाई फोनवर अगदी सहज म्हणाल्या, "ते दुपटं कोणाबरोबर तरी पाठवशील का? तुमच्याकडे नुसतं पडलंय." मी पाठवलं. रडले नाही, पण फोनवर महिनाभर मी 'बरं आहे' याच्यापुढे काही बोलत नव्हते. त्यांना ते कळलं असावं. काही महिन्यांनी त्यांनी सांगितलं की आता मोठी गोधडी घेतली आहे शिवायला, "येईल ते पोर काही तान्हं नसणार आता." माझ्या आधी हे त्यांनी मान्य केलं होतं. त्या वर्षी आम्ही पोर्टलवरची पसंती बदलून चार वर्षांपर्यंत केली.

बारशी, डोहाळजेवणं, मंडळाच्या संक्रांतीला कडेवरची लुटीची बाळं. काहींना गेले, काहींना नाही. 'काही गुड न्यूज?' विचारणाऱ्यांना आधी खरं सांगायचे. मग लोक दर भेटीत 'कुठवर आलं?' विचारू लागले, जणू पार्सल आहे. शेवटी एक ठरावीक वाक्य केलं: "यादीत आहोत, कळलं की पहिला फोन तुम्हाला." पन्नास तरी माणसांना पहिला फोन कबूल केला असेल.

पोर्टलवर आपला क्रमांक दिसतो. पहिलं वर्षभर मी तो रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे. कधी दहाने खाली, कधी महिनाभर ढिम्म. शिवाय वयाची बेरीज. नवराबायकोचं वय मिळवून मर्यादा असते. आमच्या वेळी चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोघांचं मिळून नव्वद होती. नोंदणीच्या दिवशी आम्ही शहात्तर होतो. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात हे मला पाठ होतं, तरी दर वाढदिवसाला मनात बेरीज व्हायचीच. एकट्या माणसाचं वय वर्षाला एकाने वाढतं, आमचं दोनने. एकदा केक कापताना सुहास म्हणाला, "आज आपण एकोणऐंशी." आधी हसू आलं. मग दोघंही गप्प. त्यानंतर आम्ही नियम केला, क्रमांक फक्त महिन्याच्या एक तारखेला बघायचा, आणि तोही त्याने. वाट बघणाऱ्यांना मी एवढा एकच सल्ला छातीठोकपणे देते: पोर्टलचा पासवर्ड दोघांपैकी कमी काळजी करणाऱ्याकडे द्या.

२०२० चा मार्च आला आणि सगळंच थांबलं. ठसे घेणारी इथली केंद्रं बंद, विमानं बंद. आमच्या हातात अजून कुठलं मूल नव्हतं म्हणून आम्ही वाचलो असं म्हणायचं. ज्यांचं मूल ठरलेलं होतं आणि जाता येत नव्हतं अशी दोन जोडपी आमच्या एजन्सीत होती. त्यांचे व्हिडिओ कॉलवरचे चेहरे मला अजून आठवतात. त्या वर्षीची होम स्टडीची भेटही व्हिडिओवरच झाली. सुहासने लॅपटॉप हातात धरून धुराचा अलार्म दाखवला.

मे २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट जोरात असताना व्हॉट्सअ‍ॅपवर ते मेसेज फिरत होते: कोविडमध्ये आईवडील गेलेली दोन मुलं, कोणाला हवी असतील तर या नंबरवर फोन करा. मला एका दिवसात ते चार नातेवाइकांनी पाठवले. प्रत्येकाच्या मनात आमच्याबद्दल मायाच होती. मी प्रत्येकाला तेच उत्तर पाठवलं: असं मूल परस्पर देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, अशी मुलं दिसली तर १०९८ या चाइल्डलाइनला कळवा. पाठवून झाल्यावर मात्र तो नंबर मी दहा मिनिटं बघत बसले. केला नाही. पण बघत बसले, हे इथे लिहून ठेवते.

फेब्रुवारी २०२२. शुक्रवार, सकाळचे साडेसहा. एजन्सीचा ईमेल, विषयात फक्त 'रेफरल'. मुलीचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, तीन फोटो. महाराष्ट्रातल्याच एका जिल्ह्याच्या गावची संस्था. वय बावीस महिने. एका फोटोत ती लाल लादीवर बसली आहे, समोर स्टीलची वाटी, एका पायात मोजा आहे आणि दुसरा मोजा तिने हातात चढवला आहे. कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. तिला दुसऱ्या हातात मोजा घालायचा आहे आणि तो सापडत नाहीये.

मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ९६ तास असतात. सगळ्यांना वाटतं, फोटो बघितला की 'हो' आपोआप येतो. आम्ही भांडलो. वैद्यकीय अहवालात एक ओळ होती, आवाजाला दर वेळी प्रतिसाद देत नाही. वजन कमी, हिमोग्लोबिन ९.२. सुहास म्हणाला, आधी डॉक्टरला विचारू. मी म्हटलं, पोटच्या पोराचा अहवाल आधी मागितला असतास का? हे बोलायला नको होतं. त्याचं बरोबर होतं. परदेशातून आलेल्या मुलांचे अहवाल वाचून देणारे बालरोगतज्ज्ञ इथे असतात. आम्ही पाचशे डॉलर भरून शनिवारी एकींना गाठलं. त्यांनी डोक्याच्या घेराचा आलेख तपासला, आणखी व्हिडिओ मागवायला सांगितले: जिना चढताना, आणि मागून कोणी हाक मारल्यावर. रविवारी रात्री आम्ही राखून ठेवलं. त्यानंतर स्वीकृतीवर सही करायला तीस दिवस मिळतात, त्यात संस्थेने कानांची बेरा चाचणी करून घेतली. कानात जुना मळ आणि संसर्ग, ऐकू व्यवस्थित येत होतं. डॉक्टर होकार किंवा नकार देत नाहीत, पण कुठला प्रश्न विचारायचा ते सांगतात. ते पाचशे डॉलर वाचवू नका.

इथे आमच्या फ्रिजवरच्या तारखेने घात केला असता. आमची मंजुरी २० मार्चला संपत होती, आणि मुलासाठीचा आय-८०० हा फॉर्म चालू मंजुरीवरच भरावा लागतो. मुदतवाढ अर्ज जानेवारीत गेला होता, उत्तर नव्हतं. आम्ही सही करून ११ मार्चला फॉर्म कुरिअर केला. एप्रिलमध्ये तात्पुरती मंजुरी, मग व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग अमेरिकन दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, म्हणजे दत्तक पुढे न्यायला अमेरिकेची संमती, आणि ते गेल्यावर जूनमध्ये काराचं ना-हरकत प्रमाणपत्र. हा क्रम उलटसुलट करता येत नाही. ना-हरकत येईपर्यंत तिकीट काढू नका.

संस्थेला द्यायचे पाच हजार डॉलर याच टप्प्यावर गेले. होम स्टड्या, एजन्सी, दोन वेळचा प्रवास, सगळं धरून आम्हाला पस्तीस हजार डॉलरच्या आसपास खर्च आला, सव्वापाच वर्षांत विभागून. इथे आयकरात दत्तकासाठी सवलत आहे, पण परदेशातलं मूल असेल तर दत्तकविधान पूर्ण झाल्याशिवाय ती मागता येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या ठेवा. आमच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होत्या.

जुलै २०२२ मध्ये तिला भेटायला गेलो. ऑफिसबाहेर तुळस, लहान लहान चपलांची रांग. सांभाळणाऱ्या मावशींच्या पदराला धरून ती आली आणि आमच्याकडे बघून पदर तोंडावर घेतला. सुहास खाली बसला. तिने पुढे होऊन त्याचा चष्मा काढला आणि तो मावशींना नेऊन दिला. तीन दिवस एवढाच आमचा परिचय. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातून केळं घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं फ्रॉकच्या खिशात कोंबलं. प्रशिक्षणातलं ते पान मला डोळ्यांपुढे दिसलं. मी काही बोलले नाही. नऊ दिवसांनी आम्ही तिला तिथेच ठेवून परत आलो. त्या विमानप्रवासाबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

तोवर संस्थेच्या वकिलांनी न्यायालयात अर्ज केला होता. आणि १ सप्टेंबर २०२२ ला कायदा बदलला. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार दत्तकाचे आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देणार. पडून असलेली प्रकरणंही तिकडे. आमची फाइल न्यायालयातून निघाली, पण जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचायला तिला पाच आठवडे लागले. तिथे नव्या पद्धतीने काय करायचं याबद्दल पहिले काही दिवस कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मी रात्री दोनला उठून फोन करायचे. पलीकडचे कारकून एकदा म्हणाले, "ताई, तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे, मी रोज बघतो तिच्याकडे." रागावू की आभार मानू कळेना. आदेश डिसेंबरमध्ये निघाला. आता तिथे सगळं सुरळीत चालतं असं ऐकते, आमची वेळ मध्येच सापडली.

आदेशानंतर दत्तक हेग करारानुसार झाल्याचं काराचं कलम २३ चं प्रमाणपत्र लगेच आलं. जन्मदाखल्यात मात्र सुहासच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं. ते दुरुस्त व्हायला तीन आठवडे, तोवर पासपोर्टचा अर्ज अडून. आदेशाची प्रत हातात येताच प्रत्येक नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवून बघा, माणसं समोर असतानाच.

फेब्रुवारी २०२३ च्या शेवटी तिला घेतलं. मावशींनी त्या सकाळी तिच्या डोक्याला चपचपीत तेल लावलं, गालाला काळी तीट लावली आणि तिला आमच्या हातात देताच आत निघून गेल्या. ती दिल्लीपर्यंत रडली. दिल्लीत वैद्यकीय तपासणी, क्षयासाठी रक्ताची चाचणी, मग दूतावास, ३२५ डॉलर व्हिसा फी. ११ मार्चला नेवार्क विमानतळावर अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि ती त्या क्षणी अमेरिकन नागरिक झाली. त्या वेळी ती सुहासच्या खांद्यावर झोपली होती आणि तिच्या मुठीत विमानातला अर्धा पाव होता.

पाळणावजा पलंग आम्ही हौसेने आणला होता. ती जमिनीवर झोपायची, म्हणून आम्हीही तीन महिने जमिनीवर. सासूबाईंची गोधडी शेवटी कामाला आली, तिघांना पुरेल एवढी झाली होती. सुहासला ती दोन महिने 'चष्मा' म्हणत होती, मला 'नवी मावशी'. पोळीचे तुकडे उशीखाली सापडायचे. आम्ही तिच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात केळी आणि बिस्किटं ठेवायला लागलो, कधीही घे म्हणून. आठेक महिन्यांनी उशीखालचे तुकडे थांबले. खालचा कप्पा अजून आहे.

परवा तिच्या ओसीआयचे (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाचे) कागद काढताना तिचा पहिला भारतीय पासपोर्ट सापडला, कोपरा कापून रद्द केलेला. ती पाच वर्षांची झाली आता, बारीकसारीक विचारते.

"हे कोण?"

"तूच."

"मग रडतीये का?"

फोटो काढला त्या दिवशी मावशी रजेवर होत्या, असं संस्थेतून सांगितलं होतं. तेच तिला सांगितलं.

"मावशीला फोन लाव."

तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. सकाळी लावू म्हटलं. झोपताना तिने दोनदा आठवण केली. दुसऱ्या दिवशी लावला.